चौथा प्लग

मोटारीचे तीन प्लग निघाले. चौथा हलेना.

कवडूने पान्यावर पुन्हा जोर दिला. पाना घसरला आणि बोटं इंजिनाच्या कडेवर आपटली. रक्त आलं. बोटं तोंडात धरून त्याने अंगणापलीकडच्या सडकेकडे पाहिलं.

कारंज्याहून नागपूरकडे सकाळपासून माणसं चालली होती. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, डोक्यावर भाकरीची गाठोडी, कडेवर लेकरं. उद्या दसरा. उद्या नागपुरात बाबासाहेब दीक्षा देणार होते.

"काऊन रे, निघत नाई का?" ओसरीवरून मायने विचारलं.

"निघन. तू बस."

त्याची माय रुख्माबाई पहाटेपासून पांढरं लुगडं नेसून बसली होती. गुडघे कधीचेच गेले होते. ओसरी चढायची तरी भिंत धरावी लागे. वस्तीतली सगळी माणसं कालच पायी निघाली. कवडूची बायको सीताबाईही लेकरं घेऊन गेली. "तुमी व्हा पुढं, मायले मी मोटारीत आणतो," असं कवडू साऱ्यांदेखत बोलून बसला होता.

लढाईत तो ब्रह्मदेशात पलटणीचे ट्रक हाकत असे. परत आल्यावर जिनिंगच्या मालकाची मोटार चालवू लागला. मालकाने नवी घेतली तेव्हा बंद पडलेली जुनी कवडूला देऊन टाकली. पावसाळाभर खपून त्याने ती चालती केली. दारं दोरीने बांधलेली, पण चालत होती. कालपासून मात्र लंगड्या बैलासारखी धक्के खात होती. प्लग साफ केल्याशिवाय ती पुढचा चढ चढणार नव्हती. आणि फार जोर केला तर प्लग मधेच तुटणार. मग मोटार इथेच, मायही इथेच.

त्याने रॉकेल ओतलं, वाट पाहिली, पुन्हा पाना लावला. काही नाही. शेवटी त्याचं डोकं फिरलं. त्याने लोखंडी नळी आणून पान्याच्या दांड्यात घातली आणि दात आवळले.

"थांब!" माय ओसरीवरून बसत बसत खाली सरकली आणि मोटारीचा आधार घेऊन उभी राहिली. "कोणीकडं ओढून राह्यला तू?"

"बाहेर. अजून कोणीकडं?"

"तुह्या बाच्या माघारी माह्या हातातल्या पाटल्या काढल्या. हात सुजला होता. बाया नुसत्या ओढत, कातडं सोललं. मंग एका म्हातारीनं तेल लावून पाटली आंधी मांगं सारली, कोपराकडं. मंग आली बाहेर." तिने प्लगकडे बोट दाखवलं. "त्याले बी जरा मांगं सार."

कवडू तिच्याकडे पाहत राहिला. पाटल्यांची गोष्ट ती आजवर कधी बोलली नव्हती.

त्याने नळी टाकली. निघालेले प्लग परत लावून इंजिन चालवलं, तापू दिलं, बंद केलं. तेल सोडलं. मग उलट, घट्ट करायच्या बाजूला, अगदी केसभर पाना दाबला.

कट् असा आवाज झाला.

तुटला, असं त्याला वाटलं. धीर करून त्याने पाना सुलटा फिरवला. प्लग फिरला. पुन्हा फिरला. फडक्यात धरलेला तो काळा, गरम तुकडा हातात आला तेव्हा कवडूने तो मायपुढे धरला. मायने तो प्लग जवळून पाहिला.

"एवढासाच का रे?" ती म्हणाली.

दुपारी मोटार सडकेला लागली. वाटेत कवडूने तीन म्हाताऱ्या मागे बसवून घेतल्या. तरी चढावर इंजिन एकसारखं ओढत होतं. माथ्यावर आल्यावर त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

उतारापासून थेट आभाळ टेकतं तिथपर्यंत सडक पांढरी झाली होती. शेतांमधल्या पायवाटांवरूनही पांढऱ्या रांगा येऊन तिला मिळत होत्या. लढाईत त्याने माणसांच्या रांगा पाहिल्या होत्या. त्या हुकुमावर चालत, खाली मान घालून. इथे कोणी हुकूम सोडत नव्हतं.

"मले उतरव," माय म्हणाली.

"माय, नागपूर लय दूर आहे अजून."

"जेवढं होईन तेवढं चालन. मंग घेजो गाडीत."

त्याने दोरी सोडून दार उघडलं. माय उतरली, डगमगली. ओळखीच्या ना पाळखीच्या दोन बायांनी न विचारता तिला दोन्हीकडून धरलं. मागच्या म्हाताऱ्याही तिच्यामागे उतरल्या.

कवडूने मोटार बाभळीखाली घेतली, इंजिन बंद केलं आणि वळून पाहिलं. सगळ्या पाठी पांढऱ्या. सगळ्या म्हाताऱ्या कोणाच्या ना कोणाच्या खांद्यावर हात ठेवून चाललेल्या. त्यात आपली माय कोणती, हे त्याला ओळखू येईना.

हाक मारायला त्याने तोंड उघडलं, आणि मारली नाही.