अण्णांचा अर्धा अभिप्राय

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका लाल शाईने दाखवायच्या, हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. निवृत्त झाल्यावर छापखाना सुटला, लाल पेन काही सुटलं नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबल असो, बँकेची नोटीस असो, अण्णांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. लग्नाआधी मी नवऱ्याला लिहिलेलं एक पत्र त्यांच्या हाती लागलं होतं. ते मला लग्नानंतर ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत मिळालं.

मी एका सिनेमा कंपनीच्या प्रसिद्धी खात्यात काम करते. त्या वर्षी आमच्या कंपनीने ‘आत्याचं उडतं घर’ नावाचा कौटुंबिक विनोदी सिनेमा काढला होता. गोष्ट अशी, की एका लठ्ठ आत्याच्या घरात कुणी हसलं की घर हलकं होतं आणि जमिनीवरून वर उठतं. खाली आणायचं तर कुणीतरी रडायला हवं. पण घरातले सगळे इतके मजेत, की रडू कुणालाच येत नाही. एवढ्या गोष्टीला अडीच तास लागतात, कारण घराला एकोणीस खोल्या आहेत आणि दिग्दर्शकाने एकही वगळलेली नाही. एका खोलीत सगळं पिवळं. एका खोलीत भिंतींऐवजी काचेच्या टाक्या, त्यात मासे. एका खोलीत नुसत्या छत्र्याच.

सिनेमा लागण्याआधी साध्या प्रेक्षकांना दाखवून त्यांचं मत घ्यायचं ठरलं. साठ माणसं हवी होती. रविवारी सकाळी दहापर्यंत एक्केचाळीस जमली.

“घरच्यांना बोलवा,” आमचे साहेब म्हणाले. “घरची माणसंसुद्धा माणसंच असतात.”

म्हणून ऑफिसातल्या सगळ्यांनी घरी फोन लावून साठ भरवले; मी अण्णा, सासूबाई, नवरा, नणंद आणि नणंदेची आठ वर्षांची मुलगी चिमणी अशी वरात बोलावून घेतली. प्रत्येकाच्या हातात एक फॉर्म आणि एक पेन्सिल दिली. अण्णांनी पेन्सिल परत केली. पेन त्यांच्या खिशात होतंच.

अंधारात मी मागे उभी राहून प्रेक्षकांकडे बघत होते, ते माझं कामच होतं. घर पहिल्यांदा उडालं तेव्हा अर्धं थिएटर हसलं आणि उरलेल्या अर्ध्याने, हे कशाला हसतायत, म्हणून मागे वळून पाहिलं. पुढच्या रांगेतल्या एका दंतवैद्याला नायकाचे दात खोटे असल्याचा शोध लागला आणि तो त्याने शेजाऱ्यांना सांगितला. नणंद पंचविसाव्या मिनिटाला रडायला लागली ती शेवटपर्यंत. माझा नवरा चौथ्या खोलीत झोपला.

फॉर्म वाचताना वाटलं, या लोकांनी साठ वेगवेगळे सिनेमे पाहिले असावेत. सासूबाईंनी लिहिलं होतं, “तिसऱ्या खोलीतल्या पडद्यांचं कापड छान आहे. कुठे मिळेल ते कळवणे.” चिमणीने लिहिलं होतं, “मासे आवडले. माणसं कमी करा.” नणंदेने लिहिलं होतं, “आत्याच्या मनाचा कुणी विचारच करत नाही,” आणि खाली अश्रूचा एक खरा डाग. नवऱ्याने लिहिलं होतं, “एसी उत्तम.” कुणी रंगांवर खूश, तर कुणाचं रंगांनी डोकं दुखलं. एका बाईंनी दहापैकी दहा गुण देऊन खाली विचारलं होतं, “यात विनोद कुठे होता?”

आणि एक फॉर्म लाल शाईतला. वर आमच्या छापील प्रश्नांतल्या तीन चुका सुधारलेल्या, खाली सुवाच्य अक्षरात उत्तर:

“डोळ्यांचे पारणे फिटले असे म्हणता आले असते, पण ते उघडे ठेवणेच कठीण झाले होते. असा चित्रपट मी आयुष्यात पाहिला नाही आणि पुन्हा पाहावा लागू नये अशी इच्छा आहे. संपूर्ण कुटुंबाने बघावा असा यात एकच प्रसंग आहे, तो म्हणजे शेवट.”

साहेबांनी साठही फॉर्म वाचले आणि लाल शाईवर येऊन थांबले. त्यांचा चेहरा खुलला.

“हा माणूस लिहितो छान,” ते म्हणाले. “फक्त जरा लांबवतो.”

त्यांनी पट्टी घेतली आणि फॉर्मवर तीन ठिकाणी रेघा मारल्या. उरलं ते मी टाइप केलं. हे माझे सासरे आहेत, असं मी म्हणाले, अगदी म्हणाले. साहेब म्हणाले, “वा! मग परवानगीचा प्रश्नच मिटला.” दाराशी उभ्या असलेल्या आमच्या फोटोग्राफरने बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढला होता. अण्णा त्या क्षणी जांभई देत होते. करड्या स्वेटरमधला एक म्हातारा, डोळे बारीक, तोंड आ वासलेलं. जांभई आहे हे माहीत नसेल, तर माणूस आनंदाने थक्क झालाय असंच वाटावं.

बारा दिवसांनी अण्णा केस कापायला निघाले, तर बस थांब्यावर त्यांना स्वतःचंच तोंड दिसलं. सहा फूट उंच. शेजारी सोनेरी अक्षरांत लिहिलेलं:

“डोळ्याचे पारणे फिटले… असा चित्रपट मी आयुष्यात पाहिला नाही… संपूर्ण कुटुंबाने बघावा असा…”

ते केस न कापताच घरी आले. दुपारी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी माझ्या ऑफिसात हजर.

“माझ्या वाक्यांचे तुकडे केलेत, ते एक वेळ बाजूला ठेवू,” ते साहेबांना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट. “पण ‘डोळ्याचे’? मला काय एकच डोळा आहे?”

“अण्णा, छपाईत राहून गेलं असेल.”

“छपाईत काही राहून जात नाही. माणसाकडून राहतं. कोण आहे तो गाढव?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार. तो अनुस्वार माझ्याच हातून गळला होता. घरात हे आजतागायत कुणाला माहीत नाही.

“पोस्टर उतरवा,” अण्णा म्हणाले. साहेबांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला, की नवी पोस्टरं छापून आली की ही उतरतील. नवी पोस्टरं कधी येणार, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

शुक्रवारी सिनेमा लागला आणि बाहेरच्या जगातही आमच्या त्या साठ फॉर्मांसारखंच झालं. एका वर्तमानपत्राने लिहिलं, रंगांचा उत्सव. दुसऱ्याने लिहिलं, रंगाच्या दुकानाला आग लागली तर असंच दिसेल. ज्यांना आवडला त्यांना तो का आवडला हे सांगता येईना, आणि ज्यांना नाही आवडला ते तासभर सांगत बसायचे. या सगळ्यांना ज्याला जाब विचारता येईल, असा शहरात एकच माणूस उपलब्ध होता. दिग्दर्शक कुणाला दिसत नव्हता. अण्णा रोज भाजी आणायला जायचे.

न्हाव्याच्या दुकानात एका गृहस्थाने त्यांना खुर्चीवरच गाठलं. अर्ध्या गालाला साबण.

“तुम्हीच ना ते? अहो, तुमच्या भरवशावर सगळं घर घेऊन गेलो. माझा मेहुणा आता माझ्याशी बोलत नाही.”

“मी तसं लिहिलंच नव्हतं,” अण्णा म्हणाले आणि तीनही वाक्यं पूर्ण म्हणून दाखवली. गृहस्थ ऐकून म्हणाले, “मग हे पोस्टरवर लिहायचं ना!”

उलट औषधाच्या दुकानातल्या मुलीने त्यांना पाहून टाळ्याच वाजवल्या. “आजोबा, अगदी माझ्या मनातलं बोललात!” अण्णांनी पूर्ण वाक्यं म्हणायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, “हां, अगदी तस्संच तोंड! एक फोटो?”

मग एके संध्याकाळी एक बाई थेट घरीच आल्या. पत्ता कुठून मिळाला कोण जाणे. त्यांची आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली होती. पोस्टर पाहून त्या आईला चाकांच्या खुर्चीतून सिनेमाला घेऊन गेल्या, तर छत्र्यांच्या खोलीत आई मोठ्याने हसली. वर्षात पहिल्यांदा. “तुमचे आभार मानायचे होते,” त्या म्हणाल्या. अण्णांची तिन्ही वाक्यं जिभेवर तयार असणार, पण ती त्यांनी तिथेच ठेवली. ते म्हणाले, “छत्र्यांची खोली बरी होती.”

बाई गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही झोपला होतात छत्र्यांच्या वेळी.”

“डोळे मिटले होते,” अण्णा म्हणाले. “झोपलो नव्हतो.”

त्यानंतर त्यांच्यात हळूहळू फरक पडला. आधी मला वाटलं, थंडी वाजत असेल. उकाड्यातही ते करडा स्वेटर घालून बाहेर पडायला लागले. मग बस थांब्यावरून जाणं वाढलं. बस पकडायची नसली तरी. लोकांनी मत विचारलं की ते आता आधी विचारायचे, “तुम्हाला कसा वाटला?” आणि समोरचा जे म्हणेल त्याप्रमाणे आपली तीन वाक्यं कमी-जास्त लांब करायचे. आवडला म्हणणाऱ्यांना पहिली अर्धी, नाही म्हणणाऱ्यांना सगळी. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या ओळीतलं एक अक्षर ज्याने इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, त्या माणसाला हे इतक्या लवकर जमेल असं मला वाटलं नव्हतं. साहेबांना पट्टी तरी लागली होती.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी शब्द पाळला. सगळी पोस्टरं उतरली. नव्या पोस्टरवर एक नटी होती, दात दाखवणारी, आणि शेजारी नुसतं “धम्माल!” एवढंच.

मी घरी आले आणि आनंदाने सांगितलं. “अण्णा, उतरलं एकदाचं तुमचं पोस्टर!”

“पाहिलं,” ते म्हणाले आणि खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ऑफिसात हजर. स्वेटरमध्ये.

“माझं का काढलं?” त्यांनी साहेबांना विचारलं.

“अण्णा, तुम्हीच तर म्हणाला होतात.”

“मी दुरुस्त करा म्हणालो होतो. काढा म्हणालो नव्हतो.”

मी शेजारीच होते. ते काढाच म्हणाले होते, पण सुनेने कुठे बोलावं आणि कुठे नाही, याचा मला त्या घरात नऊ वर्षांचा अनुभव आहे.

“आता ती बाई आहे तिथे,” अण्णा पुढे म्हणाले. “धम्माल. यात मत कुठाय? हे तर कशालाही म्हणता येईल. निदान माझं वाक्य तरी होतं.”

“अर्धं होतं,” साहेब म्हणाले.

“अर्धं तर अर्धं.”

साहेबांनी चहा मागवला, खांद्यावर हात ठेवला आणि फार हळुवारपणे सांगितलं, की प्रश्न पोस्टरचा राहिलेलाच नाही. लोक येत नाहीत. सिनेमा गुरुवारी उतरतोय.

गुरुवारी दुपारी अण्णा मला म्हणाले, शेवटचा खेळ बघू या. मी अर्धा दिवस सुट्टी टाकली. थिएटरमध्ये आम्हाला धरून अकरा माणसं होती. अण्णा मधल्या रांगेत ताठ बसले, दोन्ही डोळे उघडे ठेवून. छत्र्यांच्या खोलीत ते हसले नाहीत, पण ती संपल्यावर म्हणाले, “हं.”

मध्यंतरात पुढचं एक जोडपं उठलं आणि बाहेर निघालं. त्यांनी अण्णांना ओळखलं नाही. अण्णांनीच त्यांना थांबवलं.

“बसा हो. आता घर समुद्रावर जातं. तिथला निळा रंग बघण्यासारखा आहे.”

“आजोबा, तुम्हाला आवडला का हा सिनेमा?” त्या माणसाने विचारलं.

अण्णांनी या वेळी ‘तुम्हाला कसा वाटला?’ असं उलट विचारलं नाही.

“नाही,” अण्णा म्हणाले. “पण निळा चांगला आहे.”

जोडपं निघून गेलं. दिवे मालवले आणि आम्ही नऊ जण उरलेला सिनेमा बघत बसलो.