टाचेखालचं बोटभर लोखंड

मित्रांनो, मी एक म्हातारी घोडी आहे. माझे नाव कवडी. खर्ड्याच्या शिवारात, लंकाबाईंच्या घरामागे, एका बाभळीला मी बांधलेली असते. आता माझ्याकडे फारसे कोणी येत नाही. तुम्ही थांबलात, म्हणून सांगते.

तरुणपणी मी लग्नांत मिरवले. माझा मालक, लंकाबाईंचा मुलगा श्रीमंत, मला गोंडे बांधून नेई. हलगी वाजली की मी पुढचे पाय उचलून नाचे. माणसे म्हणत, "श्रीमंता, लई गुणाची घोडी हाय रं तुझी!"

त्या नाचामागे मच्छिंद्रबाबांचे हात होते. ते नालबंद. दर सव्वा महिन्याने यायचे. आधी मला सपाट जागेवर उभी करून पुढून-मागून बघायचे, दहा पावले चालवायचे. वाढलेला खूर कानशीने घासायचे आणि मगच लोखंड तापवून नाल घडवायचे. नालाची दोन्ही टोके टाचेच्या शेवटापर्यंत नेऊन मागे आणखी बोटभर जास्त ठेवायचे.

श्रीमंत विचारी, "बाबा, मागं एवढं लोखंड कशापायी?"

"आरं, पाय टेकला की भार टाचेवर येतो. तिथंच आधार न्हाई दिला, तर पायाची शीर तुटंस्तोवर ताणती."

पुढे बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि ते घरी बसले. लग्नसराई तोंडावर आली होती. श्रीमंतने आठवडी बाजारात आलेल्या एकाकडून मला तयार नाल ठोकून घेतले. नाल लहान होते. त्या माणसाने नाल बदलले नाहीत, माझेच खूर बाजूंनी तासले आणि त्यात बसवले. टाचा मागे उघड्या राहिल्या. पायापेक्षा लहान चपलेतून तुमची टाच बाहेर लोंबते ना, तशा. खूर पुढे वाढत गेला, तसा नालही पुढे सरकला आणि टाचा आणखी खचल्या. पोटरीपासून खुरापर्यंत दोरी ओढल्यासारखे दुखे. मी उभ्या उभ्या पाय बदलत राही. श्रीमंतला वाटे, घोडी माजली.

वैशाखातल्या एका लग्नात, भर दुपारी, मी नाचायला पाय उचलले. खाली टेकताना उजवा पाय कोलमडला. नवरदेव डांबरी रस्त्यावर पडला. त्याचा हात मोडला. हलगी थांबली. नवरीचा बाप ओरडला, "असली नाठाळ घोडी आणलीच कशी?" सगळ्यांसमोर श्रीमंतने माझ्या तोंडावर लगाम मारला. आठ वर्षांत त्याने मला कधी मारले नव्हते. मला तो फटका लागला नाही. त्यानंतर त्याने माझ्याकडे बघितले नाही, ते लागले.

त्या दिवसापासून मला कोणी बोलावले नाही. दिवाळीनंतर श्रीमंत बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. जाताना त्याने बैलांच्या पाठीवर हात फिरवला. माझ्याजवळून तसाच गेला. घोड्याला सोबत लागते, मित्रांनो. रस्त्याने टेम्पो गेला तरी मी मान वर करी.

लंकाबाई पाणी ठेवायच्या. त्यांनीच एक दिवस शेळ्यांना लस द्यायला आलेल्या डॉक्टर अश्विनीताईंना हाक मारली. "बाई, ही घोडी सारखी पाय बदलती बगा. माजलीया म्हनत्यात, पन माजल्यालं जनावर असं डोळं मिटून उभं ऱ्हातंय व्हय?"

ताईंनी माझा पाय उचलला आणि बराच वेळ धरून ठेवला. "आजी, हिचा काही दोष नाही. टाचेला आधारच नाही हिच्या."

लंकाबाईंनी मच्छिंद्रबाबांचे नाव सांगितले, तसे ताईंनी त्यांना गाडीवर बसवून आणले. बाबांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. त्यांनी खुरावरून बोटे फिरवली आणि ती टाचेशी येऊन थांबली. "कवडे, मी घरी बसलो आन् तुझं हे झालं गं," बाबा म्हणाले. जुने नाल निघाले, लांबलेला खूर थोडा कमी झाला, मागे पुरेल असा नाल बसला. "समदं एका दिसात न्हाई व्हायचं. नवा खूर उतराया वरीस लागंल," ते म्हणाले.

चैत्रात श्रीमंत परतला. आईने त्याला सगळे सांगितले. तो माझ्याजवळ आला, खाली बसला आणि त्याने माझा पाय मांडीवर घेतला. दुसऱ्या दिवशी बन्सी नावाचा गावकरी वरातीसाठी घोडी ठरवायला आला. श्रीमंत म्हणाला, "न्हाई. तिचा पाय अजून भरला न्हाई. भरला तरी आता नाचवायची न्हाई."

मला बरे वाटले. पण तो पुन्हा कामाला लागला, आणि मी बाभळीखालीच राहिले.

बन्सीने दुसरी घोडी आणली. लग्न उरकल्यावर तिचा मालक तिला आमच्या रस्त्याने परत नेत होता. गोंडे अजून कपाळावर होते. टापा ऐकताच मला कळले, तिचा डावा पाय पुरता टेकत नव्हता. मी जिवाच्या आकांताने खिंकाळले. तिने मान वळवली. मालक हसून म्हणाला, "मैतरीण भेटली जनू!" आणि लगाम ओढून तो पुढे गेला.

मित्रांनो, वाटेत तुम्हाला ती भेटली, तर तिच्या मालकाला थांबवा. म्हणावे, एकदा तिचा पाय उचलून बघा.