तिसरा नमुना

१९८६ सालचा पोंगल होऊन आठ दिवस झाले होते. तिरुपूरच्या घरी ओसरीवर दैवानैने तीन लोखंडी खुर्च्या एकमेकींना चिकटवून मांडल्या, मधल्या खुर्चीत नवऱ्याला बसवलं आणि त्याच्या गुडघ्यांसमोर भांड्यांचं कपाट सरकवून घेतलं.

"एवढंच अंतर ना?"

"याहून कमी," नाचिमुत्तू म्हणाला.

तिने कपाट आणखी रेटलं. एका बाजूला धाकटी जाऊ पाप्पाती बसली, दुसऱ्या बाजूला कारखान्यातला शिंपी रंगन.

"रंगा, तू घोर. विमानात शेजारचा घोरतो म्हणे."

"अक्का, जागेपणी कसं घोरू?"

"दुपारी मशीनवर घोरतोस तसंच," पाप्पाती म्हणाली.

नाचिमुत्तूचा बनियनचा कारखाना होता. वर्षातून दोनदा तो नमुन्यांची पेटी घेऊन फ्रँकफर्टला जायचा, आणि विमानात त्याच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. मागच्या खेपेला तिथला गिऱ्हाईक भाव वाचत होता, आणि समोर बसलेल्या नाचिमुत्तूची मान हळूहळू कलत आपल्याच बनियनांच्या गठ्ठ्यावर टेकली. गिऱ्हाइकाने सभ्यपणे त्याच्या अंगावर कोट पांघरला आणि निम्मं काम दुसऱ्याला दिलं. या खेपेला उरलेलं निम्मंही गेलं असतं, तर चाळीसपैकी वीस मशीनं बंद करावी लागली असती. रंगनचं त्यातलंच एक.

दैवानै स्वतः पळनीच्या पलीकडे कधी गेली नव्हती. पण नवरा जागा राहून शेजाऱ्याच्या खांद्यावरून खिडकीबाहेर जे जे बघायचा, ते परतल्यावर तिच्या वाट्याला यायचं. गुलाबी पडलेले बर्फाचे डोंगर. दोन तास पंखाच्या टोकाशी अडकून राहिलेला, मावळायचं नाव न घेणारा सूर्य. ढगांची सावली ढगांवर पडते का, पाऊस वरून कसा दिसतो, असं ती विचारत राहायची आणि पानातला भात गार व्हायचा. ते सगळं तिला पुढच्या खेपेपर्यंत पुरायचं.

तिरुपुरात गिऱ्हाइकाने नमुना पास केल्याशिवाय कापडाला कात्री लागत नाही. दैवानैने मानेच्या उशीलाही तोच नियम लावला. पहिली उशी बनियनच्या कातरणांनी भरली. नाचिमुत्तू म्हणाला, मानेखाली खडे ठेवल्यासारखं वाटतं. दुसरी कापसाची, तिच्यात मान पुढे छातीवर पडायची. तिसरीत तिने सावरीचा मऊ कापूस भरला आणि हनुवटीखाली उंचवटा काढला. मग ती उशी गळ्यात घालून सकाळच्या इडलीपासून दिवेलागणीपर्यंत ती स्वतः मधल्या खुर्चीत बसून राहिली.

"अक्का, कुठवर आलं विमान?" पाप्पाती जातायेता विचारायची.

"अरबस्तान ओलांडलं. खाली नुसती वाळू."

"तिकडून खजूर तरी घ्यायचा!"

नाचिमुत्तू गेला आणि अकराव्या दिवशी परतला. पूर्ण काम मिळालं होतं, वर रंगीत बनियनांचंही. उशीला त्याने, गिऱ्हाईक नमुन्याला लावतात तशी चिठ्ठी टाचली होती: 'पास. बदल नको.'

दैवानैने पान वाढलं आणि समोर मांडी घालून बसली.

"मग? काय काय दिसलं?"

"काय दिसणार? मुंबईला मान टेकली ती थेट फ्रँकफर्टला उचलली."

"आणि येताना?"

"येतानाही तेच. पट्टा बांधायला उठवलं विमानातल्या बाईने, तेवढंच."

"ते डोंगर?"

"असतील की जागेवर. कुठे जाणारेत?" तो हसला. "रसम आण गं थोडं."

तिने रसम वाढलं. मग आत जाऊन ती उशी घेऊन आली. चिठ्ठी उलटी करून टाचलेली होती. कोऱ्या बाजूवर आता तिच्या अक्षरात एकच शब्द होता: 'नापास.'

"अगं, गिऱ्हाइकाला पसंत पडलाय नमुना!"

"गिऱ्हाईक कोण, ते आधी ठरवा," दैवानै म्हणाली. "जाताना झोपा, अगदी पोटभर. तो प्रवास कारखान्याचा. येताना उशी पेटीत जाईल."

"आणि मान अवघडली की?"

"मी तेल चोळेन. तुम्ही सांगत बसा."

नाचिमुत्तूचा हात पानावर थांबला. खिडकीबाहेर बघत बायकोसाठी जागायचं असतं, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

पुढे रंगनने स्वतःचं दुकान थाटलं आणि परदेशी जाणाऱ्या अर्ध्या गावाला तशा उशा शिवून दिल्या. पाप्पाती लेकीकडे सिंगापूरला गेली. खिडकीची जागा मिळूनही डोळे घट्ट मिटून मुरुगाचं नाव घेत बसली. नाचिमुत्तू आणखी बावीस वर्षं जात राहिला, आणि परतीच्या वाटेवर एकदाही झोपला नाही. त्याला वारून आता बरीच वर्षं झाली.

मुलगा महिन्यातून दोनदा जातो. त्याच्या विमानातली खुर्ची पलंगासारखी आडवी होते. घरी येतो तेव्हा सदऱ्याची इस्त्रीही मोडलेली नसते.

"कसा झाला प्रवास?" दैवानै विचारते.

"आरामात झाला, अम्मा," तो सांगतो, आणि ती भात वाढायला घेते.