सलाम शिकायला

मुहय्योने झाडूचा दांडा मुलीच्या पाठीला उभा लावला. डोकं, पाठ, माकडहाड. तिन्ही ठिकाणी तो टेकला पाहिजे.

"आता वाक. दांडा सुटता कामा नये."

"पाठीतून वाकताच येत नाही, ओपा." मुहय्योला सगळ्या ओपा, म्हणजे ताई, म्हणत.

"पाठीतून कोणी सांगितलंय? खुब्यातून वाक. दोन्ही हातांत ताटं असली की मागच्या मागे दार कसं ढकलतेस? तसं."

*

उझबेकिस्तानात, मर्गिलानच्या एका घरात रेशमी झगा पुन्हा उसवला गेला. खालची किनार जमिनीवर पसरून, पट्टीने आखून कापली होती. अंगात घातल्यावर ती परत डावीकडे लोंबली.

*

"ही सून सलाम करते की फाटक लावते?"

"गप गं. बघ तरी. मान कशी धरलीय! खानाच्या घरातली वाटते."

*

टिटॅनियमच्या दोन सळया, वाकडा होत गेलेल्या कण्याला बांधलेल्या. आत घातल्यापासून पाठ सरळ आहे आणि गोल होत नाही. नवऱ्याला माहीत आहे. त्याच्या आईला नाही.

*

दांडा ओयदिनच्या पाठीला लावला होता. झगा तिनेच शिवला, सलाम तिचाच, सळयाही तिच्याच. लग्नाआधी महिनाभर तिची आई तिला दवाखान्यात मुहय्योच्या व्यायामोपचाराच्या खोलीत आणत होती. नव्या सुनेला ओढणीआडून साऱ्या आळीपुढे वाकावं लागतं आणि त्यानंतर रोज सकाळी सासूपुढे. "पाठीत लोखंड आहे असं कळलं तर मूल होणार नाही म्हणतील," आई म्हणाली होती. "माझी पोर परत पाठवतील." मूल होण्याचा आणि सळयांचा संबंध नाही, हे मुहय्योने तिला समजावलं. आई म्हणाली, ते तुम्ही मला सांगून काय उपयोग?

ओयदिन शिकली. लग्न झालं. मुहय्योकडे दुसऱ्या पाठी आल्या: हातमागावर बसणाऱ्या बायकांच्या, ड्रायव्हरांच्या, एका शिंप्याची.

वसंतात एका सकाळी दवाखान्याच्या बोळात मोठा आवाज झाला.

"सरका गं जरा. माझ्या पोरीला सलाम शिकायचाय. आमची सून इथंच शिकली."

ती सबोहत, ओयदिनची सासू. मागे तिची धाकटी मुलगी इरोदा उभी होती, तेराएक वर्षांची, शाळेच्या गणवेशात.

"एवढ्या पोरीला, खाला?" बाकावरची एक म्हणाली. "दुधाचे दात तरी पडलेत का तिचे?"

"तू तुझीला चाळिशीत उजव. मी आधीपासून तयारी करते."

बाक हसलं. मुहय्योने दोघींना आत घेतलं, दार लावलं आणि कडी नीट बसली आहे ना ते पुन्हा पाहिलं. मग नळावर हात धुतले. ते आधीच स्वच्छ होते.

"सुनेनं काय सांगितलं तुम्हाला?"

"मुहय्यो-ओपा चांगलं शिकवतात म्हणाली. झगाही तिनेच शिवला हिचा. दोनदा बोलले मी तिला, की माहेरी शिवण शिकवलं नाही का. उसवायची, परत शिवायची. तोंडातून शब्द नाही."

"मला तर आवडला होता," इरोदा म्हणाली.

"तुला कळतंय काय! एक बाजू पायात येत होती."

मुहय्योने मुलीकडे पाहिलं. उजवा खांदा किंचित वर होता.

"शर्ट काढ. बनियन राहू दे. पावलं जुळव, तळवे एकमेकांना लाव. गुडघे सरळ. आता हळूहळू खाली वाक."

"सलाम असा नसतो."

"इथं असाच असतो."

इरोदा वाकली. मुहय्यो तिच्या मागे उकिडवी बसली आणि डोळे पाठीच्या रेषेत आणले. उजवीकडे, खांद्याच्या पात्याखाली, पाठ वर आली होती. झाकून ठेवलेली कणीक एका अंगाने फुगावी तशी. तिने दोन्ही बाजूंना तळहात सपाट ठेवले. एक वर राहिला, एक खाली.

"उठ. पुन्हा वाक."

सबोहत मागच्या बाजूला आली नाही. ती मुलीच्या डोक्याशी उभी होती. वेणी फरशीवर लोळू नये म्हणून तिने ती हातात धरली होती आणि ती खिडकीबाहेर पाहत होती.

मग मुहय्योने इरोदाला कोपऱ्यातल्या शिडीला लोंबकळायला पाठवलं आणि आवाज खाली आणला.

"पाळी आली?"

"अजून नाही."

"म्हणजे वाढ बरीच बाकी आहे. वेळेवर आणलंत. आधी फोटो काढा, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बहुतेक कपड्यांच्या आतून कडक कवच घालायला सांगतील. व्यायाम माझ्याकडे."

"सरळ होईल?"

"आहे तिथंच थांबलं तरी आपण जिंकलो."

सबोहतने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"आणि सळया?"

मुहय्योच्या हातातली पेन्सिल थांबली.

"सळयांचं मी काही बोलले नाही, खाला."

"नाही बोललात."

कोपऱ्यात शिडी करकरली. इरोदा हसत होती. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"त्या घालाव्या लागू नयेत," सबोहत म्हणाली, "म्हणून काय करायचं, तेवढं मला सांगा. सगळं सांगा. मी विसरत नाही."

मुहय्योने सांगितलं. कसं झोपायचं, श्वास कोणत्या कुशीत भरायचा, कवच कधी काढायचं. सबोहत प्रत्येक गोष्ट स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवत होती. एकदा चुकली, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. निघताना तिने दाराशी उजवा हात छातीवर ठेवला.

बाहेर बाकावरची वाटच पाहत होती.

"काय खाला, शिकली का सलाम?"

"कसला सलाम! महाआळशी कार्टी," सबोहत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आता रोज आणावं लागणार."

त्या दिवशी पहाटे त्यांच्या घरी, सुनेने रोज झाडायचं ते अंगण सासूने झाडलं होतं आणि चहाही तिनेच ठेवला होता.