दिव्यासमोरची परीक्षा

"डोळे उघडे ठेवा आजी, झोपायचं नाही हं," असं म्हणत वृद्धांच्या केंद्रातल्या बाईने माझ्या बायकोची हनुवटी धरली आणि तिचं तोंड दिव्याकडे वळवलं.

दिवा कसला, पांढरं खोकं. ते सेकंदाला चाळीस वेळा लुकलुकतं आणि त्याने म्हाताऱ्यांचा मेंदू तरतरीत होतो, असं इथल्या डॉक्टरचं म्हणणं. कुठेतरी शहाणी माणसं यावर खरोखर अभ्यास करत असतीलही. हा त्यांतला नव्हे. आठवड्यातून एकदा येतो, खुर्च्यांवरच्या आठ म्हाताऱ्यांवरून नजर फिरवतो, 'छान, छान' म्हणतो आणि सटकतो. आमच्या चिरंजीवांना तेवढं पुरतं. आईजवळ बसायला त्यांना सवड नाही, म्हणून तिला इथे आणून बसवलं.

मी शाळेत भूगोल शिकवला, पण पोरांच्या लक्षात राहिलो तो परीक्षेतला पहारेकरी म्हणून. ससाणा म्हणायची मला. कुणाचा हात बाकाखाली गेला की माझा हात त्याच्या मानगुटीवर. कॉपी करणाऱ्यांची मला किळस यायची, अजूनही येते.

केंद्रातही दर महिन्याला परीक्षा असते. बाई पाच शब्द सांगते आणि थोड्या वेळाने तेच परत विचारते. पहिल्या महिन्यात बायकोला एकच आठवला. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, मार्क असेच राहिले तर तिला कायमचं तिथंच ठेवा म्हणतात डॉक्टर. तुमच्याच्यानं आता होत नाही."

"माझ्याच्यानं काय होत नाही?"

"चिडू नका ना. दोनदा गॅस चालू राहिला होता."

"मी होतो ना बंद करायला!"

"बघू, पुढच्या दोन परीक्षांत काय होतंय," तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला.

दुसऱ्या महिन्यात बायकोला दोन आठवले. पण माझ्या लक्षात भलतंच आलं. शब्द तेच होते. कात्री, घोडा, पूल, साबण, निळा. नवे पाच शब्द शोधायचाही या बयेला कंटाळा! अशी प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला मी शाळेच्या दारात उभं केलं नसतं. त्याच संध्याकाळी मी बायकोला समोर बसवलं.

"म्हण, कात्री."

"कशाला पण?"

"म्हण तू."

मग सकाळी चहाआधी, दुपारी जेवण झाल्यावर, तिचे केस विंचरताना, सारखं तेच. पूर्वी आम्ही बोलायचो. शेजाऱ्यांच्या भांडणांवर, तिच्या गुडघ्यांवर, कशावरही. आता फक्त पाच शब्द. चुकली की मी वर्गातल्यासारखा खेकसायचो. एकदा ती रडली. "रडून मार्क मिळत नाहीत," मी म्हणालो. असं बोलणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

आज तिसरी परीक्षा. मुलगा मुद्दाम रजा काढून आला होता. बाईने दिवा बंद केला.

"आजी, मघाशी पाच शब्द सांगितले होते. आठवतात?"

"कात्री, घोडा, पूल, साबण, निळा," ती घडाघडा म्हणाली.

"अरे वा! पाचपैकी पाच!"

मुलाने टाळीच वाजवली. "बघा बाबा! तुम्ही नुसती नावं ठेवत होता. दिव्यानं करून दाखवलं की नाही? जाऊ दे, राहू दे आईला घरीच."

मला हवं ते मिळालं होतं. बाई कागद भरत होती. भरता भरता तिने सहज विचारलं, "आणि आजी, हे कोण?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती सावरून बसली.

"हे होय? हे मास्तर. माझा पाठ घ्यायला येतात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "फार रागावतात हो."

"आई पण ना, चेष्टा करते," मुलगा हसत म्हणाला. बाईही हसली. कागदावर तिने काही लिहिलं नाही.

मी खाली बसून बायकोच्या पायांत चपला घालायला लागलो. तिने पाय मागे घेतला.

"अहो, तुम्ही कशाला, मास्तर? घालते मी." चपला घालून झाल्यावर तिने भीतभीत विचारलं, "उद्या येणार ना तुम्ही?"

"येईन," मी म्हणालो.