खोट्या नखाखालचे खरे नख

मित्रांनो, मी एक जुने नख आहे. वह्या-पुस्तके बांधणाऱ्या एका बाईच्या उजव्या अंगठ्यावर माझा जन्म झाला आणि तिचे निम्मे काम मीच केले. दुमडलेल्या कागदावरून ती मला एकदा फिरवी, की घडी अशी चोख बसे की मालक म्हणत, "या नखाला वेगळा पगार द्यायला हवा." ते ऐकून मी सुखावत असे.

पुढे तिला एका मोठ्या छापखान्यातून मुलाखतीचे बोलावणे आले. कळकट हात घेऊन कसे जायचे? तिची धाकटी बहीण नखे सजवण्याचे काम करते. तिने मला हलकेच घासले आणि माझ्यावर लांब गुलाबी नख चिकटवले.

"ताई, दोन आठवड्यांनी काढायला ये. कड सुटली तर ओढू नकोस आणि घरी चिकटवूही नकोस. आत पाणी कोंडतं."

"अगं हो, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

नोकरी मिळाली. कौतुक मात्र त्या उपऱ्याचे झाले. मी खाली अंधारात. दोन आठवड्यांचे पाच झाले. भांडी घासताना कड सुटली, पाणी शिरले. बाईने चपला चिकटवायचा गोंद काढला आणि कड दाबून बसवली. मी हिरवा पडू लागलो. दुखून सांगितले, तर तिने हात झटकला. शेवटी एका दुपारी तिने ते नख उपटले. सोबत माझे पापुद्रेही सोलून निघाले.

डॉक्टरांपुढे ती म्हणाली, "माझं नखच मुळात कमजोर आहे हो."

मित्रांनो, वीस वर्षे कागद दाबणारा मी, कमजोर! सोलले जाण्यापेक्षा ते वाक्य माझ्या जिव्हारी लागले.

"नख चांगलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुटलेला भाग कापू. रोज औषधाचे थेंब घाला, कोरडं ठेवा. नीट यायला सहा-आठ महिने लागतील."

घरी बहिणीने अंगठा पाहिला. "ताई, सांगितलं होतं ना मी?"

"हो गं. तुझं काही चुकलं नाही."

माझ्याविषयी ती काहीच बोलली नाही.

आता मी मुळापासून पुन्हा उगवतो आहे. तिला सोडून जाणार तरी कुठे? मित्रांनो, खोटी नखे हौसेने लावा. पण जाणत्या हाताने, वेळेवर काढून घ्या आणि मधले काही दिवस आम्हाला उघडे राहू द्या. आमचा रंग पालटला, तर त्यावर दुसरा रंग फासू नका. आम्हाला तोंड नाही. रंग पालटणे हेच आमचे बोलणे.