याहून जुनं आहे का?

मी शेवईचं पाकीट बोलतेय. ‘बोलतंय’ म्हणायला हवं, ठाऊक आहे मला. पाकीट म्हणजे ते. पण पाकीट काय, नुसतं अंगावरचं पांघरूण. आतली सगळी शेवईच, आणि शेवई म्हणजे ती. शिवाय वर्षभर दुकानाच्या फळीवर गप्प बसून काढलंय. आता तोंड उघडलंय तर व्याकरणासाठी कोण थांबणार! तोंड खरोखरच उघडलंय माझं. ते कसं, तेच सांगायला बसलेय.

माझा जन्म सोनाळ्याचा. तिथे छाया नावाच्या बाईंचं शेवयांचं मशीन आहे. गहू ओलवून, दळून, मशीनमधून काढून मला त्यांनी खाटेवर वाळत घातलं होतं. घातलेलं काय तर गहू, मीठ आणि पाणी. चौथं काही नाही. पाकिटात भरल्यावर छायाबाई मेणबत्तीच्या ज्योतीवर पाकिटाचं तोंड चिकटवायच्या, मग घडी घालून पुन्हा चिकटवायच्या.

त्यांची जाऊ चिडवायची, “काऊन वं इतकं जाळून राह्यली? शेवया हायेत का सोनं?”

“एक सोंडा किडा शिरला आत, तं नाव माह्यं जाते,” छायाबाई म्हणायच्या. मग माझ्या पाठीवर महिन्याचा शिक्का मारायच्या. माझ्या पाठीवर मार्च आला. खाली लिहिलं होतं, बारा महिन्यांच्या आत वापरा. तेव्हा मला हसू आलं होतं. माझ्यासारख्या देखण्या शेवईला बारा महिने कोण ठेवणार?

पोत्यात बसून एसटीनं मी लोणारला आले. शकीलभाईंच्या किराणा दुकानात. रमजान चालू होता आणि शिरखुर्म्यासाठी नुसती झुंबड. माझ्या बहिणी भराभर गेल्या. मी मात्र उतरवून घेताना घसरले आणि उदबत्तीच्या खोक्यामागे जाऊन पडले. झालं. ईद आली, ईद गेली, मी आपली मोगऱ्याचा वास घेत तिथेच.

मागून दुकान बघायची मजा वेगळी असते. माणसं पाकीट दाबतात, हुंगतात, कानाशी नेऊन हलवतात. पुढचं पाकीट कुणी म्हणून घेत नाही. हात लांब करून मागचं ओढतात, कारण मागचं ताजं असतं म्हणे. अहो, सगळ्यात मागे तर मी होते! पण माझ्यापर्यंत एकाचाही हात पोचला नाही. शेजारच्या सुट्या रव्यात राहणारा एक सोंडा तेवढा येऊन जाऊन असायचा. पाकिटाला टक्कर द्यायचा, कुठे फट मिळते का बघायचा आणि तोंड पाडून परत जायचा. मेणबत्तीची कृपा.

यंदा पुन्हा रमजान आला आणि नव्या शेवया आल्या. अंगावर लाल चिठ्ठी काय, त्यावर ‘नवा गहू’ काय, नखरा विचारू नका. त्यांना जागा करताना शकीलभाईंनी उदबत्तीचं खोकं ओढलं आणि मी धपकन त्यांच्या पायावर पडले.

“हे काऊन राह्यलं इथं?” ते म्हणाले.

त्यांच्या बायकोनं, राबियाभाभींनी, मला उलटसुलट करून बघितलं. “याच महिन्यालोक चालते हे.”

“पन घेईन कोन? नवं आल्यावर जुन्याले कोन इचारते? सुभद्रामावशीच्या कोंबड्यायले देऊन टाकू.”

कोंबड्या! माझ्या अंगातून कळ गेली. निदान एखाद्या पातेल्यात तरी जाऊ द्या, बिनसाखरेची उकळा, पण कोंबड्या नकोत. मी काय करणार? गल्ल्याजवळ पडून राहिले.

त्याच दुपारी ती बाई आली. नाव रिवका नागावकर, ठाण्याची. वडिलांना लोणारचं सरोवर दाखवायला घेऊन आली होती. वडील, हाईमकाका, बाहेर लिंबाखालच्या बाकावर टोपी सारखी करत बसले होते. ही नावं मला नंतर कळली. तेव्हा दिसली ती फक्त एक चष्मेवाली बाई, जी पाकिटाचा पुढचा भाग बघतच नव्हती. थेट पाठ वाचत होती.

“शेवया आहेत?”

“हाव मॅडम. नव्या गव्हाच्या. परवाच आल्या.”

तिनं शिक्का वाचला आणि पाकीट हलकेच खाली ठेवलं. “याहून जुन्या आहेत?”

शकीलभाई चपापले. ‘जुनं आहे का’ असं गिऱ्हाइकानं खुषीनं विचारलेलं त्यांच्या उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यात बाजारात आवई उठलेली, जुना माल तपासणारे लोक साध्या कपड्यांत फिरून राह्यले म्हणून. ती एकेक पाकीट उलटं करून वाचत होती. शकीलभाईंच्या कपाळावर घाम आला.

“राबिया,” ते आत वळून पुटपुटले, “तपासनीवाली बाई हाये.”

आणि मग त्यांना मी दिसले. आता खरी पंचाईत ऐका. शकीलभाईंचा रोजा होता. रोज्यात खोटं बोलायचं नाही. आणि मी तर समोर, गल्ल्याला टेकून! त्यांनी एक क्षण विचार केला, मला उचललं आणि बाजूच्या खिडकीतून बाहेर भिरकावलं. मी शेजारी भाजी विकणाऱ्या सुभद्राबाईंच्या टोपलीत, मेथीच्या जुडीवर जाऊन आदळले.

मग ते छातीवर हात ठेवून मॅडमसमोर उभे राहिले. चेहरा कसा, धुतल्या तांदळासारखा.

“मॅडम, रोजा हाये माह्या. खोटं नाई बोलनार. या दुकानात या घडीले जुनी शेवई एकबी नाई.”

“नक्की? एखादं पाकीट मागे राहिलं असेल...”

“एकबी नाई. सगळं नवं. रवाबी नवा, मैदाबी नवा.”

ते जितके आनंदानं सांगत गेले, तितका तिचा चेहरा उतरत गेला. शकीलभाईंना वाटलं, केस सापडली नाही म्हणून बाई नाराज झाली. त्यांना आणखीच चेव चढला. कणीकसुद्धा नवी, म्हणाले.

ती बाहेर आली आणि वडिलांशेजारी बसली. “बाबा, नाही मिळाल्या. मी भाताची खीर करते.”

“चालेल की,” हाईमकाका म्हणाले. “तांदळाला आपलं बंधन नाहीच.” मग म्हणाले, “तुझी आई नवा गहू बाजारात यायच्या आधीच जुन्या शेवयांचा डबा भरून वर ठेवायची. होळीच्या सणाला लेआच्या शेवयांची खीर, हे ठरलेलं. यंदा ती नाही, तर डबा कोण भरणार?”

टोपलीत मेथीवर पडल्या पडल्या मी हे ऐकलं. मला रडूच आलं. कोरड्या शेवईला रडता येत नाही, म्हणून नुसतीच कुरकुरले.

सुभद्राबाईंचे कान तिखट. “काय शोधून राह्यली वं बाई?”

“जुन्या शेवया, मावशी.”

“जुन्या? काऊन, कोंबड्या पाळल्या का तुम्ही?”

रिवका एवढी हिरमुसलेली, तरी हसली. म्हणाली, “नाही हो. आम्ही ज्यू. आमच्यात नवा गहू आला तरी वल्हांडणाचा सण होईपर्यंत खात नाहीत. पूर्वी त्या सणात नव्या जवाची पेंढी मंदिरात देवाला वाहायचे, मग नवं धान्य तोंडात घालायचे. मंदिर राहिलं नाही, पण आमच्या घरी आईनं नियम ठेवला होता. यंदा वल्हांडण महिनाभर लांब आहे. आणि आज आमचा आनंदाचा सण. आमच्या आज्या त्याला होळीचाच सण म्हणायच्या. दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला पाहिजे, आणि बाबांना आईच्या हातची... म्हणजे तशी खीर हवी होती.”

मला वाटलं, आता हे सगळं सुभद्राबाईंना समजावता समजावता दिवस मावळणार. पण त्यांनी मेथी निवडता निवडता नुसती मान हलवली.

“मंग असं सांग ना सरळ. आखाजीच्या सणाले पितरायले आंबा दाखवल्याबिगर म्या तरी कुठं तोंडाले लावतो? दारात झाड हाये. पाड पडते, लेकरं चोखतेत, मह्या तोंडाले पानी सुटते. पन नाई म्हंजे नाई. आधी त्यायचं, मंग आपलं.”

“अगदी तेच, मावशी.”

“आन मंग हे काय हाये?” त्यांनी मला मेथीवरून उचललं. “शकीलनं आत्ता फेकलं कोंबड्यायले.”

रिवकानं माझी पाठ वाचली. मार्च. गेल्या सालचा मार्च! ती जागच्या जागी उडाली. “बाबा,” ती म्हणाली, “गेल्या वल्हांडणाच्या आधीचं आहे. एकदम जुनं!” माझ्या आयुष्यात कुणी मला ‘जुनी’ म्हणालं आणि मी लाजून गोरीमोरी झाले, असं पहिल्यांदाच घडलं.

इतक्यात शकीलभाई खिडकीतून ओरडले, “मॅडम, ते दुकानातलं नाई. ते कोंबड्यायचं हाये!”

“मले माह्यीत हाये ते कोनाचं हाये,” सुभद्राबाई म्हणाल्या. “ये इकडं, रोजेदार.”

सगळा उलगडा झाल्यावर शकीलभाई डोक्याला हात लावून पायरीवर बसले. “म्या तुमाले साहेब समजून राह्यलो होतो. आधी सांगाचं ना, जुनं खायाले पाह्यजे म्हनून.” मग स्वतःच हसायला लागले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. रोजा असल्यामुळे पाणीही पिता येईना.

पण थांबा, मी अजून पातेल्यात पडले नव्हते. रिवका म्हणाली, “जुनं चालतं, पण किडा चालत नाही. एक जरी निघाला तरी आम्हाला खाता येणार नाही.”

वर्षभर जुनी शेवई, आणि किडा नको! दुकानामागे राबियाभाभींच्या अंगणात खाटेवर पांढरी ओढणी पसरली. माझं तोंड कापलं, कापताना रिवका म्हणाली, “किती घट्ट चिकटवलंय.” मला ओढणीवर मोकळं केलं आणि उन्हात सगळी डोकी माझ्यावर वाकली. मी आठवायला लागले. तो सोंडा शेवटचा आला होता, तेव्हा परत जाताना मी त्याला बघितलं होतं ना? नक्की बघितलं होतं ना?

“हे काय?” हाईमकाकांनी बोट दाखवलं. काळा ठिपका. माझ्या अगदी मधोमध.

ऊन उतरत होतं. रिवकानं डोळे मिटून घेतले. राबियाभाभींनी खाली वाकून ठिपका चिमटीत धरला, उजेडात नेला आणि म्हणाल्या, “कलोंजी हाये. माह्याच हाताची. आत्ता नानच्या पिठात टाकून राह्यली होती.”

अंगणात जो हशा उठला, त्यात मी खाटेवरून सांडता सांडता राहिले.

पुढे काय, नुसती धावपळ. पातेलं रिवकानं ठाण्याहून आणलेलं स्वतःचं, दूध सुभद्राबाईंच्या म्हशीचं. मला तुपावर परतलं, तेव्हा चाखायला कुणीच मोकळं नव्हतं. भाभींचा रोजा, रिवकाला घाई, सुभद्राबाई म्हणाल्या, पहिलं त्यायले. भाभींनी नुसत्या वासावर सांगितलं, “आता घाला दूध.” बरोबर त्याच वेळी माझा रंग बदामी झाला होता. अशी बाई मी पाहिली नाही.

सूर्य टेकायच्या आत वाटी हाईमकाकांच्या हातात पोचली. एक घास. दुसरा घास. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघताहेत.

“लेआ वेलदोडा जास्त घालायची,” ते म्हणाले आणि वाटी पुढे केली. “आणखी वाढ.”

शकीलभाई चुळबुळत उभे होते. “काका, माफ करा. सालभर खोक्यामांगं इसरून गेल्तो म्या हिले.”

काकांनी चमचा खाली ठेवला. “विसरलात कुठे? सांभाळून ठेवलीत. लेआला यंदा जमलं नाही, ते तुम्ही केलंत.”

तेवढ्यात अजान झाली आणि शकीलभाईंनी खजूर तोंडात टाकला. मागोमाग भाभींनी खिरीची वाटी दिली. सुभद्राबाईंनी उभ्यानंच आपली वाटी संपवली, कारण होळीत भाजायला ओंब्या घेऊन त्यांना जायचं होतं. “या दोघायले ओंबी देऊ नका बरं,” त्या जाता जाता बजावून गेल्या. “नव्या गव्हाची हाये.”

अशी मी संपले. संपले म्हणजे आतली. बाहेरची मी अजून आहे. शकीलभाईंनी रिकामं पाकीट धुऊन, पुसून दुकानात खिळ्याला टांगलंय. तोंड कापलेलं, पण छायाबाईंनी दोनदा चिकटवलेली कड बाजूला लोंबतेय, अजून शाबूत. कुणी पाकिटाची पाठ वाचायला लागलं की शकीलभाई आता घाम पुसत नाहीत. “नवं पाह्यजे का जुनं?” असं विचारतात आणि मग माझ्याकडे बोट करून सगळी हकीकत सांगतात. दर वेळी त्यात एक नवीन काळा ठिपका निघतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. हाईमकाका ठाण्याला गेले, त्या दिवशी शकीलभाईंनी नव्या शेवयांतलं एक पाकीट उचललं, त्याचं तोंड मेणबत्तीवर आणखी एकदा चिकटवलं आणि उदबत्तीच्या खोक्यामागे ठेवलं. ती पोरगी सारखी मुसमुसत असते. मला मागे टाकलं, मला विसरले, म्हणते. मी खिळ्यावरून तिला समजावते, विसरले नाहीत ग, ठेवलंय तुला, येत्या होळीसाठी.

तेव्हा लोणारला आलात आणि सवयीनं मागचं पाकीट ओढायला हात घातलात, तर तेवढं एक राहू द्या.